ॲना जार्विस आणि पांढरे कार्नेशन

आपल्याकडे बहुतेक प्रत्येक फुलाला एक घर नेमून दिलेले आहे. जास्वंद गणपतीची, धोतरा शंकराचा, मंजिऱ्यांची माळ विठ्ठलाची आणि झेंडू दसऱ्याचा. आमच्या उद्यमबागेत तर खंडेनवमीच्या दिवशी झेंडू देव्हाऱ्यापुरता राहतच नाही. ओतकामाच्या भट्ट्या, लेथ, ड्रिल, वजनकाटे, मालाचे ट्रक, कामगारांच्या सायकली या साऱ्यांना माळा पडतात आणि वर्षभर तेलाने माखलेले लोखंड त्या एका दिवशी देवाच्या पंक्तीस जाऊन बसते. अबोली आणि मोगरा ही वेणीची फुले. ती केसांतच शोभायची.

कार्नेशन या फुलाला मात्र आपल्याकडे असे घर नाही. लग्नाच्या स्वागतसमारंभात वधूवरांच्या हाती जे गुच्छ येतात, त्यांत गुलाब आणि जरबेरा यांच्या मध्ये ते उभे असते. लांब सरळ देठ, देठावर जागोजागी फुगीर पेरे, निळसर करड्या रंगाची अरुंद पाने, आणि कातरीने नक्षी कापावी तशा करवती कडांच्या दाटीवाटीच्या पाकळ्या, असे त्याचे रूप आहे. पुणे, नाशिक, सातारा या भागांतील शेतकरी प्लास्टिकने आच्छादलेल्या पॉलिहाऊसमध्ये त्याची लागवड करतात. झाडांना आडव्या जाळ्यांचा आधार द्यावा लागतो, कारण देठ वाकला की बाजारात फुलाची किंमतही वाकते. तोडल्यानंतर पाण्यात ठेवल्यास ते कित्येक दिवस टवटवीत राहते, म्हणून दूरच्या प्रवासाला ते मानवते. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांनी ते पाहिले असेल, हाताळलेही असेल. परंतु त्याचे नाव विचारले तर थोडेच सांगू शकतील.

मूळचे हे फूल भूमध्यसमुद्राच्या काठचे. वनस्पतिशास्त्रात त्याच्या प्रजातीला डायँथस असे नाव आहे, आणि ते ग्रीक भाषेतील देव आणि फूल या अर्थाच्या दोन शब्दांवरून बनले आहे. म्हणजे तिकडे प्राचीन काळी त्याला देवाचे घर होते म्हणावयाचे! त्याच्या जुन्या सुवासिक जातींना लवंगेसारखा वास येतो. पोर्तुगीज भाषेत तर लवंग आणि कार्नेशन या दोहोंनाही क्राव्हु हा एकच शब्द आहे. आम्ही घरी कोकणी बोलणारे, त्यामुळे गोव्याकडच्या पोर्तुगीज शब्दांशी आमची थोडीफार ओळख आहे. मसाल्याच्या डब्यातील लवंग आणि फुलदाणीतील फूल एका नावाने कशी हाक ऐकतात, याची आम्हांला नेहमीच मौज वाटत आली आहे.

पाश्चात्त्य देशांत हे फूल कोटाच्या काजात खोवण्याची रीत फार जुनी आहे. अमेरिकेचे अध्यक्ष विल्यम मॅकिन्ली यांच्या कोटावर नेहमी लाल कार्नेशन असे. १९०१ मध्ये त्यांची हत्या झाल्यावर त्यांच्या ओहायो राज्याने १९०४ साली तेच फूल राज्याचे पुष्प म्हणून स्वीकारले. आणि २५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बन शहरात सैन्याने जुनी हुकूमशाही उलथून टाकली, तेव्हा लोकांनी सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत लाल कार्नेशने खोवली. या घटनेचा आपल्या भागाशी जवळचा संबंध आहे. १९५४-५५ च्या सुमारास गोव्याच्या सत्याग्रहासाठी निघालेल्या तुकड्या बेळगावला थांबून पुढे जात. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. परंतु पोर्तुगालच्या हुकूमशाही सरकारने ती गोष्ट पुढे तेरा वर्षे मान्यच केली नाही. ज्या क्रांतीला कार्नेशनचे नाव मिळाले, तिच्यातून आलेल्या सरकारने ३१ डिसेंबर १९७४ रोजी भारताशी करार करून गोव्यावरील आपले सार्वभौमत्व मान्य केले.

पण ही सारी राजकारणाची आणि मोठ्या माणसांची हकीकत झाली. कार्नेशनला सामान्य माणसाच्या घरात आणि मनात जागा मिळाली ती एका अविवाहित शिक्षिकेमुळे. तिचे नाव ॲना जार्विस. तिने हे फूल आपल्या आईला वाहिले, सबंध जगाला ते वाहावयास शिकवले, आणि नंतर आपल्या आयुष्याचा उत्तरार्ध त्याच फुलाच्या बाजाराशी झगडण्यात घालवला.

ॲनाचा जन्म १ मे १८६४ रोजी अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात वेब्स्टर या लहानशा खेड्यात झाला. ते राज्यच तेव्हा जेमतेम वर्षाचे होते. उत्तर आणि दक्षिण यांच्यातील यादवी युद्ध चालू असताना व्हर्जिनियातून फुटून ते वेगळे झाले होते. सीमेवर राहणे म्हणजे काय, हे बेळगावकरांना समजावून सांगावयास नको. एकाच गावातील, क्वचित एकाच घरातील मुले परस्परविरोधी सैन्यांत लढत होती.

ॲनाच्या आईचे नावही जवळजवळ तेच, ॲन जार्विस. या बाईंची हकीकत कळल्याशिवाय मुलीची हकीकत कळावयाची नाही. त्यांना बारा-तेरा मुले झाली आणि त्यांतली चारच मोठी झाली. गोवर, घटसर्प, विषमज्वर यांच्या साथी त्या डोंगराळ मुलुखात वरचेवर येत आणि घरेच्या घरे रिकामी करीत. आपल्याकडील आज्या-पणज्यांनीही असली दुःखे पुष्कळ गिळली. परंतु ॲनबाईंनी दुःख गिळून स्वस्थ बसण्याचे नाकारले. त्यांचे भाऊ जेम्स रीव्हज हे डॉक्टर होते आणि विषमज्वराचा त्यांचा विशेष अभ्यास होता. त्यांच्या साह्याने १८५८ साली बाईंनी आसपासच्या पाच गावांत मातांची मंडळे स्थापन केली. या मंडळांतील स्त्रिया घरोघर जाऊन स्वच्छता शिकवीत, मुलांना पाजावयाचे दूध तपासत, गरिबांच्या औषधासाठी पैसे जमवीत, आणि ज्या घरची आई क्षयाने अंथरुणाला खिळली असेल त्या घरी कामाला बाई ठेवून देत. युद्ध सुरू झाले तेव्हा या मंडळांनी ठरवले की आपण कोणत्याच बाजूच्या नाही. जो सैनिक आजारी, तो आपला. दोन्ही गणवेशांतील मुलांची शुश्रूषा त्यांनी केली. पुढे १८६८ साली, मने अजून धुमसत असताना, ॲनबाईंनी प्रंटीटाउन येथील न्यायालयाच्या आवारात दोन्ही पक्षांच्या सैनिकांना त्यांच्या मातांसह एकत्र बोलावले. दंगा होईल अशी भीती पुष्कळांना वाटत होती. दंगा झाला नाही.

अशा मातेच्या घरी ॲना वाढली. ती लहान असतानाच कुटुंब जवळच्या ग्राफ्टन गावी राहावयास गेले. तेथील अँड्र्यूज चर्चमध्ये ॲनबाई पंचवीस वर्षे रविवारच्या वर्गात मुलांना शिकवीत असत. ॲना बारा वर्षांची असताना, १८७६ साली, एका पाठाच्या शेवटी आईने प्रार्थना केली, की आजवर पुरुषांच्या पराक्रमाचे स्मरण करणारे दिवस पुष्कळ झाले, मातांच्या सेवेचे स्मरण करणारा दिवसही कोणीतरी केव्हातरी सुरू करो. आई हे बोलून गेली आणि दुसऱ्या दिवशी आपल्या कामाला लागली असेल. मुलीच्या मनात मात्र ते राहिले, असे ॲनाबाई पुढे सांगत असत.

स्टाँटन येथील कन्याशाळेत दोन वर्षे उच्च शिक्षण घेऊन ॲनाबाई ग्राफ्टनला परत आल्या आणि तेथील शाळेत शिकवू लागल्या. म्हणजे त्या आमच्याच व्यवसायातल्या. काही वर्षांनी त्यांनी ते लहान गाव सोडले. मामाच्या आश्रयाने चॅटनूगा येथे त्यांनी बँकेत नोकरी केली आणि तेथून त्या फिलाडेल्फिया या मोठ्या शहरात भावाकडे गेल्या. तेथे एका विमा कंपनीत जाहिरातीचा मजकूर लिहिण्याचे आणि तपासण्याचे काम त्यांना मिळाले. त्या कंपनीत अशा जागेवर नेमली गेलेली ही पहिलीच स्त्री. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. चार शब्दांत लोकांचे मन कसे वळवावे, कोणाला पत्र लिहावे, वर्तमानपत्रात बातमी कशी येईल ही विद्या त्या येथे शिकल्या. त्याच विद्येने त्यांचे कार्य सिद्धीस गेले, आणि त्याच विद्येत अधिक मुरलेल्या लोकांनी ते पुढे त्यांच्या हातून काढून घेतले.

१९०२ साली वडील वारले. त्यानंतर आई मुलांजवळ फिलाडेल्फियाला येऊन राहिल्या आणि ९ मे १९०५ रोजी त्यांनी देह ठेवला. ॲनाबाई तेव्हा एकेचाळीस वर्षांच्या होत्या. लग्न नाही, मूल नाही. धाकटी बहीण लिलियन ही दृष्टीने अधू. आईच्या थडग्यापाशीच त्यांनी बारा वर्षांच्या वयात ऐकलेली ती प्रार्थना पुरी करण्याचा निश्चय केला.

दोन वर्षांनी, मे १९०७ मध्ये, त्यांनी ग्राफ्टनच्या त्याच चर्चमध्ये आईच्या स्मरणार्थ एक लहानशी प्रार्थनासभा करविली. खरा आरंभ झाला तो पुढल्या वर्षी. १० मे १९०८ रोजी, मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, ग्राफ्टनच्या चर्चमध्ये मातृदिनाची पहिली मोठी प्रार्थना झाली. ॲनाबाई स्वतः गेल्या नाहीत. त्यांनी एक तार पाठवली आणि तिच्याबरोबर पाचशे पांढरी कार्नेशने पाठवली. त्यांच्या आईचे ते आवडते फूल. आलेल्या प्रत्येकाने ते छातीशी लावावयाचे होते. त्या स्वतः त्या दिवशी फिलाडेल्फियात होत्या, कारण तेथेही दुपारी सभा होती. आणि ती सभा कोठे भरली होती? जॉन वानामेकर या व्यापाऱ्याच्या भल्यामोठ्या दुकानातील सभागृहात. वानामेकर हे धार्मिक वृत्तीचे गृहस्थ होते आणि त्यांनी या कार्याला मनापासून साह्य केले, यात शंका नाही. तथापि मातृदिनाचा पाळणा एका बाजूने देवळात आणि दुसऱ्या बाजूने दुकानात हलला, ही गोष्ट आम्हांला विसरता येत नाही.

हेच फूल का, असे विचारले म्हणजे ॲनाबाई जे सांगत ते फार हृद्य आहे. त्याचा पांढरा रंग निर्मळपणाचा, त्याचा गंध आठवणीचा, असे त्या म्हणत. परंतु मुख्य कारण निराळे. इतर पुष्कळ फुले सुकू लागली की त्यांच्या पाकळ्या एकेक गळून खाली पडतात. कार्नेशनच्या पाकळ्या गळत नाहीत. त्या आत मिटत जातात आणि फूल त्यांना उराशी धरूनच सुकते. आईची माया अशीच शेवटपर्यंत मुलांना धरून असते, असा त्यांचा भाव होता. जिने बारा-तेरांपैकी चारच मुले वाचवली आणि बाकीच्यांना आपल्या हाताने निरोप दिला, त्या बाईच्या मुलीने हा अर्थ लावला आहे, हे लक्षात आले म्हणजे तो केवळ काव्यातील अलंकार राहत नाही. ज्या विद्यार्थ्यांच्या हाती हे फूल येईल त्यांनी ते पेल्यात ठेवून आठ-दहा दिवस पाहावे.

त्याच सुमारास अमेरिकेच्या वरिष्ठ सभागृहात बर्केट नावाच्या सभासदाने मातृदिन पाळण्याचा ठराव आणला, तेव्हा इतर सभासदांनी त्याची थट्टा केली. मग सासूचा दिवस, मामाचा दिवस असेही पाळावयाचे काय, असे म्हणून तो बाजूस सारण्यात आला. ॲनाबाई खचल्या नाहीत. त्यांनी राज्यपालांना, धर्मोपदेशकांना, व्यापाऱ्यांना, संपादकांना हजारो पत्रे लिहिली. १९१० साली वेस्ट व्हर्जिनियाच्या राज्यपालांनी हा दिवस जाहीर केला; त्यामागून एकेक राज्य आले. १९१२ साली त्यांनी या कार्यासाठी आंतरराष्ट्रीय संस्था नोंदवली आणि नोकरीही सोडली. अखेर मे १९१४ मध्ये अमेरिकेच्या संसदेने ठराव केला आणि ९ मे रोजी अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी मे महिन्याचा दुसरा रविवार हा मातृदिन म्हणून घोषित केला. आईच्या मृत्यूला त्या दिवशी बरोबर नऊ वर्षे झाली होती.

येथे एक व्याकरणाची गंमत सांगावीशी वाटते. इंग्रजीत हे नाव लिहिताना षष्ठीचे चिन्ह एकवचनी शब्दापुढे द्यावयाचे की अनेकवचनी, यावर ॲनाबाईंचा विलक्षण कटाक्ष असे. हा जगातील सर्व मातांचा उत्सव नसून प्रत्येकाने आपल्या एकुलत्या एका आईला आठवण्याचा दिवस आहे, म्हणून एकवचनच हवे, असा त्यांचा आग्रह. आपल्या मराठीत मातृदिन हा सामासिक शब्द आहे आणि त्याचा विग्रह मातेचा दिन असाही होतो, मातांचा दिन असाही होतो. त्यामुळे आपली या वादातून सुटका झाली. मात्र आपल्या आईचा एक दिवस आपल्याकडे पूर्वीपासून आहेच. श्रावणातील अमावास्येला, म्हणजे पिठोरीला, आई खीर-पुरीचे किंवा पुरणाचे वाण डोक्यावरून मागे धरते आणि अतिथी कोण आहे असे विचारते. पाठीमागे उभे असलेले मूल आपण आहोत म्हणून सांगते आणि वाण घेते. त्या प्रसंगी बाहेरचे कोणी नसते. एक आई आणि तिची मुले. ॲनाबाईंनी तो विधी पाहिला असता तर त्यांना तो आपलाच वाटला असता, असे आम्हांस वाटते.

कारण त्यांना हवे होते ते एवढेच. मुलाने घरी जावे, आईजवळ बसावे. जाणे शक्य नसेल तर स्वतःच्या हाताने पत्र लिहावे. आई हयात नसेल तर तिचे स्मरण करावे. आणि छातीशी एक पांढरे फूल लावावे. फूल एकच, साधे आणि स्वस्त.

ते स्वस्त राहिले नाही. मे महिना आला की कार्नेशनचा भाव चढू लागला. लाखो माणसांना एकाच दिवशी एकाच रंगाचे फूल हवे असेल तर ते पुरणार कसे? फूलविक्रेत्यांनी तोडगा काढला. ज्यांची आई निवर्तली त्यांनी पांढरे लावावे, ज्यांची आई हयात आहे त्यांनी लाल किंवा गुलाबी लावावे, असा प्रचार त्यांनी सुरू केला, आणि तो लोकांना इतका पटला की आज पुष्कळांना हीच मूळची चाल वाटते. जपानात मातृदिनाला लाल कार्नेशन देतात. कोरियात ८ मे हा आईवडिलांचा दिवस असून मुले दोघांच्याही छातीशी लाल कार्नेशन लावतात. व्यापाराच्या दृष्टीने युक्ती बिनतोड होती. पण शिक्षकाच्या नजरेने पाहिले म्हणजे आमच्यासमोर निराळेच चित्र उभे राहते. एका बाकावर दोन मुले बसली आहेत. एकाच्या सदऱ्यावर लाल फूल आहे, दुसऱ्याच्या सदऱ्यावर पांढरे, आणि सबंध वर्ग त्या पांढऱ्या फुलाकडे पाहत आहे. ॲनाबाईंच्या मूळ रीतीत सर्वांना एकच पांढरे फूल होते. कोणाची आई आहे आणि कोणाची नाही हे फुलावरून कळत नव्हते.

फुलांमागून मिठाईवाले आले, त्यांच्यामागून शुभेच्छापत्रे छापणारे आले. या छापील पत्रांवर ॲनाबाईंचा विशेष राग. ज्या आईने आपल्याला बोलावयास शिकवले तिला चार शब्द लिहिण्याचाही मुलाने कंटाळा करावा आणि दुसऱ्याने छापलेले शब्द विकत घेऊन पाठवावेत, हे त्यांना सहन होईना. १९२२ साली त्यांनी भाव चढवणाऱ्या फूलविक्रेत्यांवर बहिष्कार घालण्यास उघड पाठिंबा दिला. फुलांऐवजी कार्नेशनचे चित्र असलेले बिल्ले त्यांनी काढले, म्हणजे फूल विकत घेण्याचे कारणच उरू नये. मिठाईवाल्यांची परिषद भरली असता १९२३ साली त्या तेथे जाऊन थडकल्या. वानामेकर यांच्याच दुकानातील उपाहारगृहात मातृदिनाच्या नावाचे एक सॅलड मिळते असे पाहून त्यांनी ते मागवले, जमिनीवर ओतले, त्याचे पैसे मेजावर ठेवले आणि त्या निघून गेल्या, अशी एक हकीकत सांगतात.

१९२५ सालचा प्रसंग अधिक गंभीर आहे. पहिल्या महायुद्धात ज्यांची मुले लढली अशा मातांच्या संस्थेचे अधिवेशन फिलाडेल्फियात भरले होते आणि त्या संस्थेसाठी निधी म्हणून कार्नेशने विकली जात होती. ॲनाबाईंनी तेथे जाऊन अडथळा केला. पोलिसांनी शांतताभंगाच्या आरोपाखाली त्यांना पकडले. आरोप पुढे काढून टाकण्यात आला. आईचे फूल लावा म्हणून सांगणारी स्त्री ते फूल विकणाऱ्या आयांशी भांडते आणि पोलीस तिला धरून नेतात, असा हा प्रसंग. येथे आम्हांला ॲनाबाईंचा पक्ष पुरता पटत नाही. त्या माता नफेबाज नव्हत्या. शिवाय फूल पिकवणाऱ्यालाही पोट आहेच. आपल्याकडील जो शेतकरी कर्ज काढून पॉलिहाऊस उभारतो, त्याला मे महिन्यात चार पैसे अधिक मिळाले तर त्याच्या घरच्या आईलाही लुगडे येईल. परंतु ॲनाबाईंना मधला मार्ग ठाऊक नव्हता. हा दिवस त्यांना आपल्या आईचे थडगे वाटे, आणि थडग्यावर दुकान मांडलेले त्यांना पाहवेना.

१९३४ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने मातांच्या गौरवार्थ तीन सेंटांचे तिकीट काढले. त्यावर चित्रकार व्हिस्लर याने काढलेले आपल्या आईचे प्रसिद्ध चित्र होते. मात्र मूळ चित्रात नसलेली कार्नेशनची फुलदाणी खात्याने कोपऱ्यात घातली. ॲनाबाईंनी त्याविरुद्धही तक्रार केली. ती फुलदाणी म्हणजे फूलविक्रेत्यांची फुकटची जाहिरात आहे, असे त्यांचे म्हणणे. त्या काळातील वर्तमानपत्रे त्यांना विक्षिप्त म्हणू लागली होती. योगायोग असा, की त्याच्या आदल्याच वर्षी, १९३३ मध्ये, आपल्याकडे नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी श्यामची आई लिहून पुरी केली होती. गुरुजींचेही लग्न झाले नव्हते आणि त्यांनीही आईचे ऋण जन्मभर उराशी धरले. फरक इतकाच, की गुरुजींनी आईची आठवण पुस्तकात ठेवली आणि ते ज्याला हवे त्याने वाचावे असे सोडून दिले. ॲनाबाईंनी ती एका तारखेत आणि एका फुलात ठेवली, आणि तारखेवर व फुलावर कोणाची मालकी चालत नाही.

एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे. मातृदिनापासून त्यांनी स्वतः एका पैशाचाही लाभ घेतला नाही. त्या नावावर त्यांना हवी तेवढी संपत्ती मिळवता आली असती. उलट आईवडिलांकडून आणि भावाकडून आलेले होते नव्हते ते द्रव्य त्यांनी पत्रव्यवहारात, प्रवासात आणि दाव्यांत घालवले. १९२६ साली भाऊ वारला. पुढे फिलाडेल्फियाच्या त्या विटांच्या घरात त्या आणि अधू दृष्टीची बहीण अशा दोघीच उरल्या. त्या फारसे कोणाला भेटत नसत. १९४३ साली, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, हा दिवस रद्दच करावा अशा अर्जावर त्या सह्या गोळा करू लागल्या. जे झाड आपण लावले ते आपणच उपटावयास निघालेल्या या म्हातारीची कल्पना करावी.

सह्या पुऱ्या झाल्या नाहीत. प्रकृती आणि दृष्टी दोन्ही गेली होती, पैसा संपला होता. परिचितांनी त्यांना वेस्ट चेस्टर येथील एका शुश्रूषागृहात ठेवले. १९४४ मध्ये बहीणही गेली. शुश्रूषागृहाच्या खर्चाचा काही भाग ज्यांच्याशी त्या वीस-पंचवीस वर्षे भांडल्या त्या फूलविक्रेत्यांपैकी काहींनी उचलला, आणि ही गोष्ट त्यांना अखेरपर्यंत कळू दिली नाही, असे सांगतात. हे त्यांनी उपकाराच्या भावनेने केले, की ज्या स्त्रीमुळे आपला मे महिन्याचा धंदा उभा राहिला तिच्या ऋणातून थोडे मोकळे होण्यासाठी, हे वाचकांनी आपल्या मनाशी ठरवावे. आम्हांला तरी त्या फूलविक्रेत्यांचा राग येत नाही.

२४ नोव्हेंबर १९४८ रोजी चौऱ्याऐंशी वर्षांच्या ॲनाबाईंचे निधन झाले. फिलाडेल्फियाजवळच्या दफनभूमीत, आईच्या शेजारी त्यांना ठेवण्यात आले. ग्राफ्टनचे ते चर्च १९६२ पासून मातृदिनाचे स्मारक म्हणून जतन केलेले आहे. ॲनाबाईंना मूठमाती दिली त्या दिवशी त्या चर्चची घंटा चौऱ्याऐंशी वेळा वाजवली गेली.